राखून ठेवलेलं बियाणं : उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जीवनचरित्र



जून महिना आला की आपल्या जळकोट भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शाळा उघडतात आणि पेरणीची धांदल उडते. याच महिन्यात २० जूनला लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जयंती असते. दरवर्षी परिपाठात आपण त्यांच्याबद्दल चार ओळी सांगतो. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी, थोर उद्योजक, एवढं सांगितलं की झालं. या वेळी मात्र मी त्यांचं चरित्र जरा वेगळ्या बाजूने सांगणार आहे. आलेल्या नफ्याचं काय करायचं, आणि दुसऱ्याच्या धंद्यात आपला पैसा घालण्याआधी काय बघायचं, या बाजूने.

असं का, तर त्याला कारण आहे. मी प्राथमिक शिक्षक. इयत्ता पाचवी-सहावीला नफा-तोटा शिकवतो. शेकडा नफा काढायची सूत्रं मला तोंडपाठ आहेत. तरी दोन-तीन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये आलेल्या टिपवर विश्वास ठेवून मी एका कंपनीचे चाळीस हजारांचे शेअर घेतले. त्यातले पंचवीस हजार सौ. ने भिशीतून जमवलेले होते. आठ महिन्यांत त्या चाळीस हजारांचे नऊ हजार राहिले. वडिलांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. ती कंपनी काय तयार करते, एवढंच त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून बैल आणताना आमचे वडील दात बघतात, खूर बघतात, चार पावलं चालवून बघतात, मालकाची चौकशी करतात. मी चाळीस हजारांचा बैल न बघताच विकत घेतला होता.

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आपल्यासारख्यांच्या पगारातून दर महिन्याला जी रक्कम कापली जाते, तीही काही प्रमाणात शेअर बाजारात जाते. म्हणजे हा विषय आपला नाही असं म्हणून आता चालणार नाही. म्हणून लक्ष्मणरावांची गोष्ट नीट समजून घेऊ या.

जन्म व शिक्षण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यांचं वातावरण. लक्ष्मणचा जीव मात्र चित्रं काढण्यात आणि यंत्रं खोलून बघण्यात. शाळेच्या पुस्तकात मन रमत नव्हतं. असं एखादं पोर आपल्या प्रत्येक वर्गात असतं, नाही का?

चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे एक अडचण पुढे आली. त्यांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नव्हता. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला रंगच कळत नाहीत, यापेक्षा मोठा धक्का कोणता? पण लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. रंग नकोत, रेषा तर आपल्या आहेत, असा विचार करून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक म्हणून लागले. होय, आपल्यासारखेच शिक्षक! शिकवता शिकवता तिथल्या यंत्रांवर स्वतः हात चालवून ते खूप काही शिकले.

सायकलचं दुकान

त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकल चालवताना पाहून लक्ष्मणरावांच्या डोक्यात विचार आला. मोठे बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, बेळगावात होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय लोकांना चालवायलाही शिकवायचं, असं ठरलं. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचा हा व्यवसाय सुरू झाला. आजही किर्लोस्कर समूह आपलं वय याच सालापासून मोजतो.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लायकी असूनही लक्ष्मणरावांना डावललं गेलं आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. महिन्याचा ठरलेला पगार सोडून दुकानाच्या अनिश्चित कमाईवर उभं राहायचं, ही साधी गोष्ट नव्हती.

आता इथे थांबून विचार करा. दुकान बरं चालतंय, चार पैसे हातात येताहेत. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घर वाढवलं असतं, दागिने केले असते. दोघा भावांनी दुकानाच्या जोडीला एक लहानसा कारखाना काढला. सायकलींचा नाद पुढेमागे ओसरेल, शेतकऱ्याला लागणारी अवजारं मात्र कायम लागतील, ही त्यामागची नजर होती.

कडबा कापणी यंत्र आणि लोखंडी नांगर

कारखान्यातून आधी कडबा कापायचं यंत्र बाहेर पडलं. कडबा अख्खा टाकला की जनावर पाला खातं आणि धांडे तुडवून टाकतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तुकडे करून टाकला तर वाया जात नाही. म्हणजे हे यंत्र शेतकऱ्याचा तोटा वाचवणारं होतं.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. विलायती नांगर बाजारात होते, पण आपली जमीन, आपले बैल आणि आपला शेतकरी यांना मानवेल असा नांगर हवा, हे लक्ष्मणरावांनी हेरलं. नांगर तयार झाला, पण घ्यायला कुणी येईना! लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं नांगर कारखान्यात पडून. त्या वेळी नुसता त्या वर्षीचा हिशेब बघणाऱ्याने हा धंदा बुडीत ठरवला असता. शेतात जाऊन दोन तास नांगर चालवून बघणाऱ्याला मात्र वेगळं दिसलं असतं. लाकडी नांगरापेक्षा तास खोल जातंय, माती पलटी होतेय, फाळ टिकतोय. वस्तू खरी होती. गिऱ्हाईक उशिरा आलं, पण आलं.

पालकहो, गुंतवणुकीचा पहिला धडा इथेच आहे. एका वर्षाच्या नफ्यावरून धंद्याची किंमत ठरत नाही. कंपनी काय बनवते, ते कुणाच्या उपयोगाचं आहे आणि लोक ते पुन्हा पुन्हा घेतील का, हे आधी बघायचं.

बेळगाव सुटलं, माळ मिळाला

धंदा मार्गी लागतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. उभा केलेला कारखाना उचलून न्यायचा कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार आणि कलांचे जाणकार होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं.

जागा कशी? तर निवडुंगाने भरलेला ओसाड माळ आणि त्यात नागसाप. आपल्या बालाघाटच्या डोंगरातला एखादा फोंडा माळ डोळ्यासमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं होती. आज हे गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे आणि रेल्वे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

माणसांची पारख

लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसं बघितली की थक्क व्हायला होतं. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली. शंभोराव जांभेकर यंत्रांची कसलीही अडचण सोडवणारे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. के. के. कुलकर्णी कारभार बघायचे. अनंतराव फळणीकर यांचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलेलं, पण नव्या वस्तूची कल्पना करण्यात डोकं अफाट. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण? तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्यांना समाज दारात उभं करत नव्हता, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण दिली आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत शिवाशिव पाळायला मनाई होती. तो काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा होता, हे लक्षात घ्या.

कंपनीच्या हिशेबाच्या कागदावर इमारत दिसते, यंत्र दिसतं, शिल्लक माल दिसतो. माणसं दिसत नाहीत. पण धंदा चालतो तो माणसांवर. म्हणून कंपनी तपासताना ती चालवणारे कोण आहेत, त्यांनी आधी काय केलंय, अडचणीच्या वेळी कसे वागलेत, ही चौकशी करावीच लागते. वडील बैलाच्या मालकाची चौकशी करतात ती याचसाठी.

युद्ध आणि कंपनीची स्थापना

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी मालाची आवक आटली, त्यामुळे देशी वस्तूंना संधी आली. पण त्याच वेळी कारखान्याला लागणारं लोखंड मिळणं मुश्किल झालं. अशा ओढाताणीतून वाडी तरली. नांगराच्या जोडीने उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं असा माल वाढत गेला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. हा मोठा बदल होता. घरचा धंदा असतो तोवर हिशेब भावाभावांत राहतो. कंपनी झाली की लोकांना भागीदार होता येतं आणि हिशेब त्यांच्यापुढे मांडावा लागतो. ज्याच्याकडे शेअर आहे तो त्या कारखान्याचा लहानसा का होईना, मालक असतो. मी चाळीस हजार घातले तेव्हा मीही मालक झालो होतो. पण मला फक्त आकडा वर-खाली होताना दिसत होता.

त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. पुढे किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर या मासिकांनी मराठी घराघरांत वाचनाची गोडी लावली, हे तुमच्यापैकी अनेकांना आजी-आजोबांकडून ऐकून माहीत असेल.

राखलेला नफा म्हणजे काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कंपनीला वर्षाअखेर सगळा खर्च, व्याज आणि कर वजा जाता जो नफा उरतो, त्याचे दोन भाग होतात. एक भाग भागधारकांना वाटला जातो, त्याला लाभांश म्हणतात. उरलेला भाग कंपनी स्वतःकडे ठेवते आणि धंद्यात घालते. याला राखलेला नफा किंवा इंग्रजीत रिटेन्ड अर्निंग्ज म्हणतात.

हे आपल्याला नवीन नाही. सोयाबीन निघालं की आपण सगळं आडतीवर घालत नाही. पुढच्या पेरणीसाठी दोन पोती घरी बियाणं म्हणून राखतो. ती दोन पोती म्हणजेच राखलेला नफा! पण नुसतं राखून भागतं का? पेरणीआधी आपण ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. चाळीसच उगवले तर ते बियाणं म्हणून ठेवण्यापेक्षा विकलेलं बरं.

कंपनीच्या राखलेल्या नफ्याचीही अशीच उगवण तपासता येते. समजा उदगीरला दोन डाळ मिल आहेत. दोन्हींचा वार्षिक नफा २,००,००० रुपये. पुढच्या पाच वर्षांत दोघींनी मिळून नव्हे, प्रत्येकीने ६,००,००० रुपये नफा राखून धंद्यात घातला.

पहिल्या मिलचा वार्षिक नफा पाच वर्षांनी २,९०,००० झाला. वाढ ९०,००० रुपये. राखलेल्या ६,००,००० वर ही वाढ १५ टक्के येते.

दुसऱ्या मिलचा वार्षिक नफा २,१२,००० झाला. वाढ फक्त १२,००० रुपये, म्हणजे राखलेल्या पैशावर २ टक्के.

बँकेच्या मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं, तर ६,००,००० वर वर्षाला ४२,००० रुपये सहज मिळाले असते. म्हणजे पहिल्या मिलने नफा राखला हे भागीदारांच्या फायद्याचं झालं. दुसऱ्या मिलने तो पैसा भागीदारांना वाटून टाकला असता तर बरं झालं असतं. वरून बघितलं तर दोन्ही मिल नफ्यात आहेत आणि दोन्हींचा नफा वाढतोच आहे. फरक कळतो तो उगवण मोजल्यावर.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ताळेबंदात राखीव नफ्याचा मोठा आकडा दिसला म्हणजे तेवढी रोकड तिजोरीत आहे असं नाही. तो पैसा यंत्रात, मालात, उधारीत गुंतलेला असतो. उधारी वसूल होत नसेल, माल पडून असेल, तर आकडा कागदावरच राहतो. म्हणून नफ्याच्या पत्रकाबरोबर रोख पैशाच्या आवक-जावकीचं पत्रकही बघायचं. नफा दरवर्षी दिसतोय पण रोकड येतच नाही, असं असेल तर सावध!

बियाणं उगवत गेलं

पुन्हा वाडीकडे येऊ. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून १९२६ साली परतले. याच सुमारास वाडीत पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढे जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याकडे नांगर घ्यायलाच पैसा राहिला नाही. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचर बनवायला घेतलं. हातातली यंत्रं आणि कामगारांचं कसब दुसऱ्या मालासाठी वापरलं. धंद्याचा कस अशा वेळी लागतो.

१९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. तिथे लेथ, म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं तयार होऊ लागली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. एवढ्या मोठ्या कारखान्यांना नुसता घरचा नफा पुरत नाही. लोकांकडून भागभांडवल घ्यावं लागतं. पण लोक पैसा देतात कुणाला? ज्याने आधी राखलेल्या पैशाचं चीज करून दाखवलंय त्याला. सायकलच्या दुकानातून कडबा यंत्र, त्यातून नांगर, नांगरातून पंप, पंपाच्या जोडीला इंजिन. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचं ज्ञान, नाव आणि कमाई उपयोगी पडली. आपल्या मराठवाड्यातही विहिरीवर इंजिन बसलं ते अनेक ठिकाणी किर्लोस्करच. जुनी माणसं इंजिनाला किर्लोस्करच म्हणायची, हे मी लहानपणी ऐकलं आहे.

दूर अमेरिकेतला एक शिक्षक

लक्ष्मणराव वाडी सांभाळत होते त्याच काळात अमेरिकेत बेंजामिन ग्रॅहम नावाचे प्राध्यापक कोलंबिया विद्यापीठात गुंतवणूक हा विषय शिकवत होते. त्यांचा जन्म १८९४ चा. १९२९ च्या बाजार कोसळण्यात त्यांनी स्वतःही मोठं नुकसान सोसलं होतं. १९३४ साली त्यांनी डेव्हिड डॉड यांच्याबरोबर सिक्युरिटी ॲनालिसिस हा ग्रंथ लिहिला आणि १९४९ साली सामान्य वाचकासाठी द इंटेलिजंट इन्व्हेस्टर लिहिलं. शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा आहे, म्हणून आधी धंद्याची खरी किंमत काढा, मग बाजारातला भाव बघा, आणि दोन्हींमध्ये सुरक्षित अंतर असेल तरच घ्या, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. पुढे जगप्रसिद्ध झालेले गुंतवणूकदार वॉरेन बफे हे त्यांचेच विद्यार्थी. राखलेल्या प्रत्येक डॉलरने कंपनीची बाजारातली किंमत निदान एका डॉलरने वाढली पाहिजे, ही कसोटी बफे यांनी पुढे मांडली. यालाच फंडामेंटल ॲनालिसिस, म्हणजे मुळापासून तपासणी म्हणतात. आमचे वडील बैलाची करतात तीच.

कंपनी कशी तपासावी?

माझ्या वहीत मी आता हे सात प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुम्हीही लिहून घ्या.

१. कंपनी काय बनवते किंवा कोणती सेवा देते? घरातल्या मोठ्या माणसाला मला ते दोन वाक्यांत सांगता येतं का?
२. गेल्या दहा वर्षांत विक्री आणि नफा कसा गेला? वाईट वर्षांत काय झालं?
३. नफ्यातला किती भाग वाटला आणि किती राखला?
४. राखलेल्या पैशावर नफ्यात किती टक्के वाढ झाली? बँकेच्या व्याजापेक्षा जास्त का कमी?
५. कर्ज किती आहे? व्याज भरून नफा आरामात उरतो का?
६. कंपनी चालवणारे कोण? त्यांनी स्वतःचे शेअर तारण ठेवले आहेत का?
७. भाव योग्य आहे का? एका शेअरमागे नफा १० रुपये आणि भाव १५० रुपये असेल तर आपण नफ्याच्या १५ पट देतो. भाव ६०० असेल तर ६० पट. बैल कितीही चांगला असला तरी दुप्पट-तिप्पट किंमत देऊन आणला तर व्यवहार तोट्याचाच.

ही सगळी माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात असते. शेअर बाजाराच्या अधिकृत संकेतस्थळावर तो फुकट बघायला मिळतो. नुकसान झाल्यावर एका रविवारी मी माझ्या त्या कंपनीचा अहवाल उघडला. कर्ज डोंगराएवढं, पाच वर्षांत राखलेल्या नफ्यावर वाढ जवळजवळ शून्य. सगळं तिथे लिहिलेलं होतं. शेअर घेण्याआधी दोन तास दिले असते तर भिशीचे पैसे वाचले असते.

सगळं तपासूनही चूक होऊ शकते, हेही खरं. मागची दहा वर्षं चांगली गेली म्हणून पुढची जातीलच असं नाही. चांगल्या बियाण्यालाही पाऊस लागतोच. म्हणून सगळं एकाच वावरात पेरू नये, मुलांच्या शिक्षणाचा आणि दवाखान्याचा पैसा बाजारात घालू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच घालू नये. एखादी कंपनी घ्या किंवा विका असं सुचवण्याचा माझा हेतू नाही. किर्लोस्करांचं नाव इथे घेतलं ते लक्ष्मणरावांच्या चरित्रासाठी.

अखेरचा काळ

लक्ष्मणरावांनी हयातीतच आपल्या नांगराची कीर्ती देशभर पाहिली. मुलं-पुतणे कारखाने सांभाळत होते. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

रंग न ओळखणारा चित्रकलेचा विद्यार्थी, बढती नाकारलेला शिक्षक, जागा गेलेला कारखानदार, दोन वर्षं नांगर न विकला गेलेला विक्रेता. प्रत्येक वेळी ते थांबू शकले असते. जे हातात आलं त्यातलं थोडं खाल्लं आणि बाकीचं पेरलं, हे त्यांच्या आयुष्याचं सार मला वाटतं.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम (इयत्ता ५ वी ते ७ वी)

१. प्रत्येक मुलाने घरी विचारून यावे : यंदा किती शेतमाल निघाला, किती विकला, किती बियाणे म्हणून राखला? त्याचे शेकडा प्रमाण काढावे.
२. शंभर सोयाबीन दाण्यांची उगवणक्षमता वर्गात तपासावी व तक्ता करावा.
३. वर दिलेले दोन डाळ मिलचे उदाहरण आकडे बदलून सोडवून घ्यावे.
४. गावातील एखाद्या दुकानदाराची किंवा गिरणीवाल्याची मुलाखत घ्यावी. पहिल्या वर्षीच्या कमाईचे त्यांनी काय केले, हा प्रश्न जरूर विचारावा.

माझ्या वर्गात मागच्या वर्षी चौथा उपक्रम घेतला. एका मुलीने तिच्या आईची मुलाखत आणली. आई शिवणकाम करते. पहिल्या मशीनच्या कमाईतून तिने घरात काही न आणता पिको-फॉलची दुसरी मशीन घेतली होती आणि त्या मशीनने वर्षभरात किती दिले याचा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. ते पान मी वर्गात लावलं आहे. लक्ष्मणरावांच्या फोटोच्या शेजारीच.

त्या नऊ हजारांचं काय केलं, असं काही जण विचारतील. ते काढून घेतले आणि सौ. च्या हातात दिले. पुढचा निर्णय सात प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्यावर, दोघांनी मिळून घ्यायचा, असं आमच्या घरी ठरलं आहे.

लेख आवडल्यास आपल्या शाळेतील सहकाऱ्यांना व पालकांना जरूर वाचून दाखवा.